काकूंचे यवन

"अंबाबाईचं दर्शन झालं, ओटी भरली, ह्यांनी तांबडा-पांढरा ओरपला, मी आपली झुणका-भाकर खाल्ली. इथवर सगळं नीट चाललं होतं," काकू कुंपणावर कोपर टेकवून सांगत होत्या. "मग ह्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, टाऊन हॉल. मला वाटलं, बागेत बसायचं आसंल घटकाभर. तर आत म्युझियमात नेलं आन् कपाटापुढं उभी केली. आत वीतभर बी न्हाई एवढा माणूस. दाढी हाय, पन अंगावर चिंधी न्हाई. म्हणलं, अहो, आत्ताच देवीला जाऊन आलोय की."

मी कढीपत्ता मागायला गेले होते. काकूंकडचा कढीपत्ता नुसता मागून मिळत नाही. आधी बातमी ऐकायची, मग पानं.

पडवीतून सरांचा आवाज आला, "माणूस नव्हे तो. देव आहे. पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव."

"समुद्राचा देव हाय, तर घाटावर काय करतोय?"

आता कढीपत्त्याला वेळ लागणार हे मी ओळखलं. सर चित्रकलेचे. शिरवळमधल्या निम्म्या पोरांची एलिमेंटरी-इंटरमिजिएट त्यांच्या हातून पार पडली. आमच्या ह्यांचीसुद्धा, म्हणून मला ते सूनबाई म्हणतात. निवृत्त झाल्यापासून फळा नाही, वर्ग नाही, आणि काकूंनी तर आपण होऊन प्रश्न विचारला. सर चष्मा पुसत कुंपणापाशी आले.

"सूनबाई, कोल्हापुरात पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४-४५ च्या सुमाराला तिथं प्रा. कुंदनगारांनी खणलं. पाठोपाठ पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सांकळिया आणि दीक्षित आले. खाली सातवाहनांच्या वेळचं गाव निघालं. विटांची घरं. आणि तिथंच काशाच्या वस्तूंचा साठा. आरसा, सुरया, माणसं बसलेला हत्ती, आणि हा पाच इंची पोसायडन. सगळा माल इथला नव्हे. काही रोमन राज्यातून आलेला, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा."

"चोरीचा?" काकूंनी विचारलं.

"व्यापाराचा. तिकडची गलबतं मान्सूनच्या वाऱ्यावर यायची. तांबड्या समुद्रातून निघायची ती सोपारा, कल्याण, चौल अशा बंदरांना लागायची. तिथनं बैलांवर माल लादून घाट चढायचा. आपल्याकडचंही तिकडं जायचं. इटलीत पाँपेई म्हणून गाव आहे, ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं. तिथं एका घरात १९३८ साली हस्तिदंताची बाई सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन दासी. अस्सल भारतीय. आपल्या तेरला आणि भोकरदनला तशाच घडणीच्या बाया मिळाल्यात."

"म्हंजे आपली बाई तिकडं आन् त्यांचा उघडा बुवा हिकडं," काकू म्हणाल्या. "साटंलोटंच झालं की."

मी म्हटलं, "पण सर, नुसता मालच यायचा, की माणसंही?"

"कार्ल्याला गेलीस ना एकवीरेला? लेण्यातले खांब बघितलेस? त्यांतल्या कितीतरी खांबांवर दान देणाऱ्याचं नाव कोरलंय, आणि नावापुढं यवन, म्हणजे ग्रीक वा तिकडचाच कुणी. धेनुकाकटचा यवन अमुक, धेनुकाकटचा यवन तमुक. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी पाण्याची टाकी दिलीत. इथं राहिले, बुद्धाला मानलं, देणगी दिली, नाव कोरून घेतलं."

"देणगी दिल्यावर नाव कोरायचंच," काकू म्हणाल्या. त्यांच्या सासऱ्यांचं नाव देवळाच्या पायरीवर आहे. "मग आपल्या पांडवदऱ्याच्या लेण्यांत का न्हाई यवन?"

"तिथं कुणाचंच काही नाही. साध्या खोल्या, एक बिननक्षीचा स्तूप. आपल्या वाट्याला गरीब भिक्षू आले."

शिरवळकरांना हे ऐकून जरा लागतं. पण खोटं नाही.

सरांनी आत जाऊन ते जाडजूड पुस्तक आणलं. आमच्या आळीत ते पुस्तक सगळ्यांना ठाऊक आहे. काकू त्याला 'उघड्या लोकांचं पुस्तक' म्हणतात आणि पाहुणे यायचे असले की कपाटाच्या वरच्या फळीवर टाकतात. सरांनी ते कुंपणाच्या खांबावर उघडं धरलं आणि आम्हा दोघींना एकच सांगितलं: "तोंडं बघू नका, दागिने बघू नका. पाय बघा. कुठल्या पायावर भार टाकलाय ते दिसलं, की काळ कळला."

पहिला फोटो एका तरण्या पोराचा. ग्रीक भाषेत कुरोस. इ.स.पू. ६०० च्या आसपासचा, माणसापेक्षा उंच, संगमरवरी. हात अंगाला चिकटलेले, मुठी वळलेल्या, डावा पाय पुढं. पण पाय पुढं टाकूनही चाललेला कुठंच दिसत नाही. भार दोन्ही पायांवर सारखा.

"ह्याला आर्ष काळ म्हणतात," सर म्हणाले. "उभं राहायची ही रीत त्यांनी मिसरकडून उचलली. पुढं दीड-दोनशे वर्षं हीच."

"विठोबा उभाय की तसा. दोन्ही पावलं सारखी."

"विठोबाचे हात कमरेवर आहेत. आणि तो भक्तासाठी खोळंबलाय, त्याला हलायचंच नाही. ह्या पोराला हलायचंय, पण शिल्पकाराला ते अजून जमत नाही."

काकूंना हे पटलं नाही. विठोबाला जमत नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी त्यांना ते तसंच ऐकू आलं. त्यांनी विषय बदलला. "आन् हसतोय कशाला हा? लढाईत मेलेल्या पोराच्या थडग्यावर बी असलाच पुतळा उभा करायचे म्हणता, मग हसू कसलं?"

खरंच, ह्या काळातले सगळेच गालातल्या गालात हसतात. मेलेले हसतात, देव हसतात, छातीत बाण लागलेला सैनिकही हसतो. लग्नात फोटोग्राफरनं 'जरा हसा' म्हटल्यावर नवरदेवाच्या चेहऱ्यावर उमटतं ना, अगदी तसं. सरांचं म्हणणं असं, की दगडाच्या तोंडात जीव आहे हे दाखवायला शिल्पकारांपाशी तेव्हा तेवढीच युक्ती होती.

"मग हसू गेलं कधी?"

"इराणचा राजा चालून आला तेव्हा. इ.स.पू. ४८०. अथेन्स जाळलं, टेकडीवरची देवळं पाडली, पुतळे फोडले. अथेन्सकरांनी परत येऊन फुटकी शिल्पं तिथंच जमिनीत पुरली. एकोणिसाव्या शतकात उकरून काढली, तेव्हा काहींवर रंग होता."

"रंग?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

इथं सर खुशीत आले. इतकी वर्षं वर्गात सांगूनही पोरांना पटली नाही ती ही गोष्ट. ग्रीक पुतळे पांढरे नव्हतेच. केस रंगवलेले, ओठ लाल, लुगड्याला काठ, काशाच्या पुतळ्यांना डोळे बसवलेले. रंग उन्हापावसानं आणि मातीनं गेला, आणि पुढं युरोपातल्या लोकांना तो पांढराच रंग शुद्ध वाटायला लागला. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन देवळावरची शिल्पं आहेत. लॉर्ड एल्गिननं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून नेलेली. ग्रीस अजून ती परत मागतंय. १९३७-३८ साली तिथल्या कामगारांनी ती आणखी पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी आणि खरखरीत दगडानं घासली.

काकूंनी डोक्याला हात लावला. "दुसऱ्याची वस्तू न्यायची आन् वर घासून पुसून ठेवायची. देवघरातलं पितळ बी आपण चिंचेनं घासतो, तारेनं न्हाई."

"बोभाटा झाला तेव्हा. म्युझियमला खुलासा करावा लागला."

सरांनी पान उलटलं. फोडाफोडीच्याच सुमाराचा एक पोरगा. नाव क्रिटिऑसचा मुलगा. उंचीला जेमतेम चार फूट, पाय खालून तुटलेले. पण हा वेगळा आहे हे मलासुद्धा दिसलं. डाव्या पायावर भार टाकलाय, उजवा गुडघा सैल सोडलाय. त्यामुळं कमरेची एक बाजू वर, एक खाली. मान जराशी वळलेली. आणि हसत नाही.

"हा उभा राहिला," सर म्हणाले. "बाकीचे उभे केले होते."

हे वाक्य त्यांनी शाळेतही म्हटलं असणार. तरी चांगलं आहे.

इथून अभिजात काळ. सरांनी थाळीफेक्याचा फोटो काढला आणि मी ओळखला, कारण २०१७ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मोठं प्रदर्शन भरलं होतं तेव्हा तो आला होता आणि माझ्या भाचीनं त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला होता. मूळ मायरन ह्या ग्रीक शिल्पकाराचं, इ.स.पू. ४५० च्या आसपासचं, काशाचं. ते केव्हाच वितळून गेलं. उरल्या त्या रोमन लोकांनी केलेल्या संगमरवरी नकला. मुंबईला आलेली नक्कल १७९१ साली रोमजवळच्या एका बादशाही वाड्यात सापडली. आणि दुरुस्ती करणाऱ्यानं डोकं चुकीच्या बाजूला बसवलं. मुळात तो मागं वळून थाळीकडं बघतोय, ह्याचं तोंड खाली जमिनीकडं.

"शेवटी माल विकायचा होता," सर म्हणाले. "मान नीट असली काय नसली काय, गिऱ्हाईक लंडनचं."

फिडियास आला तेव्हा मात्र काकूंनी कोपर बदललं. ह्याला म्हणतात प्रकरण. पार्थेनॉनमधली अथीना देवी ह्यानं घडवली, चाळीस फुटांच्या जवळपास उंच, अंग हस्तिदंताचं आणि वस्त्रं सोन्याची. सोनं हजारेक किलो. एवढं सोनं म्हटल्यावर गावात कुजबूज होणारच. फिडियासनं सोनं हाणलं, असं विरोधकांनी उठवलं. पण अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज, त्यानं आधीच शहाणपणा केला होता. सोन्याचे पत्रे सुटे बसवले होते. काढा आणि तराजूत घाला म्हणाला. वजन बरोबर भरलं.

"मग सुटला?"

"मग म्हणाले, देवीच्या ढालीवर ह्यानं स्वतःचं तोंड कोरलंय. टकल्या म्हातारा. आणि शेजारी पेरिक्लीज. हा देवीचा अपमान."

"आसं व्हय. पैशात सापडला न्हाई की देवात सापडतो माणूस." काकू पंचायतीच्या राजकारणातल्या आहेत, त्यांच्या माहेरी तीन पिढ्यांचं सरपंचपद.

जुना चरित्रकार प्लुटार्क, त्याच्या मते फिडियास तुरुंगात मेला. दुसरे म्हणतात, तो ऑलिंपियाला गेला आणि तिथं झ्यूस घडवला. ऑलिंपियाची कार्यशाळा १९५० च्या दशकात जर्मनांनी खणली. साचे निघाले, हस्तिदंताचे तुकडे निघाले, आणि मातीचा एक पेला. पेल्याच्या बुडाला कोरलेलं: मी फिडियासचा.

"भांड्यावर नाव!" काकूंना हे फारच आवडलं. "कारखान्यात दहा माणसं. नाव घातल्याबिगर पेला राहतोय व्हय जागेवर? शहाणा होता हो. सोनं न्हाई खाल्लं त्यानं."

हा निकाल इतिहासकारांपेक्षा लवकर लागला.

एवढ्यात काकूंचा भाडेकरू मोटारसायकल लावून आला. इथल्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकतो. सरांनी त्याला बोलावून पार्थेनॉनच्या कोपऱ्यातलं घोड्याचं तोंड दाखवलं. चंद्रदेवीच्या रथाचा घोडा, रात्रभर धावून आता मावळतीला पोचलेला. नाव-गाव काही न सांगता नुसतं विचारलं, "काय झालंय ह्याला?"

पोरानं फोटो जवळ धरला. "लई पळवलाय सर. नाकपुड्या बघा किती फाकल्यात. गालफडावरची शीर बघा, वर आलीये. डोळा बाहेर. ह्याला आता लगेच बांधायचा न्हाई, चालता ठेवायचा." मग विचारलं, "कुणाचाय?"

"अडीच हजार वर्षांपूर्वीचा."

"शीर बरोबर जागेवर हाय," एवढं म्हणून तो जेवायला गेला. सरांनी ते पान थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं.

प्रॅक्सिटेलीस आला तेव्हा सर जरा घुटमळले. काकूंनी पुस्तक ओढून स्वतःच पान उलटलं. इ.स.पू. ३५० च्या सुमाराला ह्यानं अ‍ॅफ्रोडाइटी देवीच्या दोन मूर्ती केल्या, एक नेसलेली आणि एक उघडी. कोस बेटाच्या लोकांनी नेसलेली घेतली. चारचौघांत शोभेल अशी. उरलेली क्नायडस गावानं नेली. त्याआधी पुरुषाचे पुतळे शेकड्यांनी उघडे होते, पण एवढी मोठी उघडी बाई कुणी केली नव्हती. क्नायडसचं नशीब उघडलं. दूरदूरचे लोक गलबतं करून बघायला यायला लागले. पुढं एका राजानं निरोप धाडला: मूर्ती द्या, गावाचं सगळं कर्ज फेडतो. गावकरी म्हणाले, कर्ज राहू द्या, देवी देत नाही.

"आन् कोसवाले?"

"त्यांच्या नेसलेल्या देवीला आज कोण ओळखतं?"

काकू गप्प झाल्या. मला वाटलं, कोसची बाजू घेतील. पण त्या म्हणाल्या, "ती फ्रिनी कोन? खाली लिवलंय."

फ्रिनी त्याची मैत्रीण. देवीच्या मूर्तीला तीच उभी राहिली, असं म्हणत. प्रॅक्सिटेलीस तिला म्हणाला होता, माझं सगळ्यात चांगलं काम तू घे. पण कुठलं ते सांगेना. एक दिवस तिनं नोकराला शिकवून पाठवलं. तो पळत आला: मालक, कारखान्याला आग लागली! प्रॅक्सिटेलीस ओरडला, माझा वनदेव सॅटर आणि माझा प्रेमदेव एरॉस गेला तर मी मेलो! फ्रिनी म्हणाली, आग नाही, बस खाली. मला एरॉस हवा. घेतला आणि आपल्या माहेरच्या गावाला वाहिला.

"माहेरला!" काकू सरांकडं बघून म्हणाल्या.

सरांनी घाईनं पान उलटलं आणि लिसिपसवर आले. म्हणजे फिरून कोल्हापुरात. लिसिपस आधी तांबट होता. भांडी ठोकता ठोकता शिल्पकार झाला, इतका मोठा की अलेक्झांडर आपला पुतळा त्याच्याशिवाय दुसऱ्याला करू देत नसे. त्याची खूण अशी: डोकं लहान, अंग सडसडीत, आणि समोरून बघून काम भागत नाही, भोवतीनं फिरावं लागतं. ब्रह्मपुरीचा पोसायडन त्याच घाटाचा. तो रोमन काळात ओतलेला आहे, लिसिपसच्या तीन-चारशे वर्षांनंतर. हातातला त्रिशूळही आता नाही. पण पाच इंचांत छाती, पोट आणि एका पायावर टाकलेला भार सगळं शाबूत.

सरांना त्याच्यापुढून हलवत नव्हतं म्हणे. त्यांनी शिकताना प्लॅस्टरच्या ग्रीक साच्यांवरून महिनेच्या महिने पेन्सिल घासली, मुंबईच्या जे.जे. मध्ये होती तीच पद्धत. त्याच तालमीत तयार झालेल्या गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ च्या सुमाराला, ऐन विशीत, 'मंदिरपथगामिनी' केली. देवळाला निघालेली मराठी बाई. लुगड्याच्या चुण्या ग्रीक डोळ्यांनी बघितलेल्या, पण नेसण आपली. सरांच्या मते कोल्हापूरच्या पाच इंची पाहुण्याचं खरं देणं तिथं फिटलं. मला हे जरा ताणलेलं वाटलं. तो पाहुणा तेव्हा अजून मातीखाली होता. पण मी बोलले नाही. कढीपत्ता अजून हातात पडायचा होता.

"ह्या लिसिपसची एक गंमत आहे," सर म्हणाले. "प्रत्येक कामाच्या पैशातलं सोन्याचं एक नाणं तो वेगळं टाकायचा. मेल्यावर वारसानं तिजोरी फोडली. नाणी पंधराशे."

"आन् तुमची चित्रं किती झाली?"

"नाणी तुझ्या डब्यात जातात," सर म्हणाले आणि पुढं सरकले.

अलेक्झांडर मेल्यावरच्या काळाला ग्रीकांश म्हणतात. इथं सगळेच येतात: म्हातारे, पोरं, दारू पिऊन सुरई कवटाळून बसलेली म्हातारी. काकूंना ती म्हातारी ओळखीची वाटली, पण नाव सांगितलं नाही. मिलोची व्हीनस त्यांनी दोन सेकंदांत उलटली. हात नाहीत, काय बघायचं?

आणि मग बसलेला मुष्टियोद्धा. काशाचा. १८८५ साली रोममध्ये सापडला. दमून दगडावर बसलाय, हातांना कातडी पट्टे गुंडाळलेले, मान वळवून कुणाकडं तरी वर बघतोय. नाक मोडलेलं. चेहऱ्यावर जखमा, आणि त्यांतून आलेलं रक्त दाखवायला लाल तांबं जडवलंय. मांडीवर आणि दंडावर पडलेले थेंबसुद्धा तांब्याचे. सर ते तांबं दाखवत होते. काकू बघत होत्या कान.

"अहो, कान बघा की."

कान सुजून चेंबलेले, आतली वळणं बुजलेली.

"आमच्या दादाचे कान हेच," काकू म्हणाल्या. त्यांचा भाऊ कराडकडच्या तालमीतला, जुन्या जमान्यातला पैलवान. "लाल मातीत घासून घासून असे होतात. कान न्हाई फुटला तवर पैलवान न्हाई. हे ज्यानं केलं त्यानं तालीम बघितलेली हाय. बसून न्हाई केलं ह्यानं."

सरांनी पुस्तकात तोंड घातलं. इतकी वर्षं त्यांनी ते पान पोरांना दाखवलं, तांबं दाखवलं, मानेचं वळण दाखवलं. कानांबद्दल कधी बोलले असतील असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

"काढा फोटो. दादाला पाठवा," काकू म्हणाल्या. "खाली काही लिवू नका. नुसतं विचारा, वळखतोस का."

सरांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवला. काकूंनी कढीपत्त्याची डहाळी मोडून माझ्या हातात दिली. मी निघणार तेवढ्यात मोबाइल वाजला. काकूंनी सरांच्या हातातून काढून घेऊन वाचला.

दादांनी विचारलं होतं: कुठल्या तालमीचा?